उरलेले ३ एम्ब्रियो संशोधनाला द्यायचे का? घरात दोन मतं झालीत

पेठेतली_सून

नमस्कार. बरेच दिवस इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. जरा लांबेल, पण अर्धवट सांगून काही कळणार नाही म्हणून सगळंच लिहिते.

आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. लग्नाला ७ वर्षं झाली तरी मूल नव्हतं म्हणून इथल्याच एका सेंटरला आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) केलं. ५ एम्ब्रियो, म्हणजे लॅबमध्ये तयार केलेले अगदी सुरुवातीचे गर्भ, झालेले. पहिला गर्भाशयात ट्रान्सफर केला तो राहिला नाही, दुसरा राहिला, ती आमची लेक, आता ४ वर्षांची आहे. उरलेले ३ सेंटरवाल्यांनी फ्रीज करून ठेवलेत आणि आम्ही दरवर्षी त्याचे पैसे भरतोय. डिलिव्हरीच्या वेळी माझं बीपी इतकं वाढलेलं की डॉक्टरांनी परत चान्स घेऊ नका म्हणून स्पष्ट सांगितलंय. म्हणजे ते ३ आम्ही कधी वापरणार नाही हे दोघांनाही माहीत होतं, फक्त तोंडानं कुणी बोलत नव्हतं.

यंदा रिन्यूअलला गेलो तर फॉर्मच हातात दिला. पुढं ठेवायचे, नष्ट करायचे, नाहीतर संशोधनाला द्यायचे, यातलं एक. खाली दोघांच्या सह्या.

मिस्टर म्हणाले संशोधनाला देऊ. त्यामागं एक कारण आहे. माझा धाकटा भाऊ, २६ वर्षांचा, दोन वर्षांपूर्वी पन्हाळ्याहून येताना गाडीवरून पडला आणि मणक्याला मार बसला, तेव्हापासून कमरेखाली काही कळत नाही. माहेर गंगावेशीत आहे, मी रोज संध्याकाळी जाऊन येते. मिस्टरांनी कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं की एम्ब्रियोपासून स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी काढतात आणि त्यातनं तुटलेली नस परत जोडता येईल, आणि थेराप्युटिक क्लोनिंग म्हणून एक आहे त्यात पेशंटच्याच पेशीची नक्कल करतात म्हणजे शरीर ती नाकारत नाही. त्यांचं म्हणणं आपले ३ तसेच गटारात जाण्यापेक्षा अशा कुणाच्यातरी, कदाचित आपल्याच माणसाच्या कामाला येऊ देत.

सासूबाई मात्र ऐकायलाच तयार नाहीत. त्या दर शुक्रवारी अंबाबाईला जाऊन येतात आणि आल्यावर मला विचारतात, ती तिघं बरी आहेत का. गेली चार वर्षं विचारतात. आता म्हणतात माझ्या नातवंडांवर प्रयोग करायचे नाहीत, त्यापेक्षा शांतपणे जाऊ देत. मला त्यांचा राग येत नाही हो, माझ्याच पोटात कालवतं. लेकीकडं बघितलं की वाटतं ही पण त्याच पाचातली एक होती, डॉक्टरांनी तिच्या जागी दुसरा उचलला असता तर ही आज त्या टाकीत असती.

म्हणून विचारतेय. संशोधनाला देतात म्हणजे नक्की काय करतात? ते क्लोनिंग असतं का? नष्ट करणं आणि देणं यात जास्त वाईट काय? आणि माझ्या भावाला याचा खरंच काही उपयोग आहे का? कुणाला माहिती असेल तर सरळ सांगा, बरं वाटावं म्हणून काही सांगू नका.

पेट्रीडिश

ताई, मी शिवाजी विद्यापीठातनं बायोटेक केलं, आता पुण्यात एका लॅबमध्ये पेशींवरच काम करतो. सरळ सांगा म्हणालात म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. तुमच्या एम्ब्रियोचा तुमच्या भावाला उपयोग होणार नाही. कोल्हापुरात दिलेले एम्ब्रियो आणि गंगावेशीतला पेशंट यांच्यामध्ये आज कुठलीच वाट नाही. हे आधी मनातनं काढा, मग बाकीचा विचार सोपा होईल.

आता काय करतात ते. फ्रीज केलेला एम्ब्रियो बहुतेक करून पाचव्या दिवसाचा असतो. त्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. साधारण १००-२०० पेशींचा पोकळ गोळा, मिठाच्या बारीक कणाएवढा. बाहेरच्या थरातनं पुढं वार होते आणि आतल्या बाजूला पेशींचा एक छोटा पुंजका चिकटलेला असतो त्यातनं बाळ होतं. स्टेम सेलसाठी तो आतला पुंजका काढून घेतात. काढला की एम्ब्रियो संपला, तो परत कुणाच्या पोटात ठेवता येत नाही. यात आडपडदा ठेवण्यात अर्थ नाही, सगळा वाद त्याच क्षणाचा आहे. काढलेल्या पेशी मात्र नीट सांभाळल्या तर वर्षानुवर्षं वाढत राहतात आणि त्यांच्यापासून हृदयाची, मेंदूची, स्वादुपिंडाची, कुठलीही पेशी बनवता येते. १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी हे माणसात पहिल्यांदा करून दाखवलं, आणि त्यांनी वापरलेले एम्ब्रियो तुमच्यासारख्याच जोडप्यांनी आयव्हीएफनंतर उरलेले म्हणून दिलेले होते. त्यावेळच्या पेशी आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत.

हे क्लोनिंग नाही. क्लोनिंगमध्ये तुमचा एम्ब्रियो लागतच नाही. तिथं एका बाईचं बीज घेतात, त्यातलं केंद्रक (जीन असतात तो गाभा) काढून टाकतात आणि तिथं पेशंटच्या कातडीच्या पेशीचं केंद्रक घालतात. त्या बीजाची फसगत होते आणि ते एम्ब्रियोसारखं वाढायला लागतं. ते गर्भाशयात ठेवलं आणि जन्माला आलं तर गाजलेल्या डॉली मेंढीसारखं क्लोन, आणि पाचव्या दिवशी थांबवून स्टेम सेल काढल्या तर थेराप्युटिक क्लोनिंग. माणसात ते नीट जमलं २०१३ ला, ओरेगॉनमध्ये शुख्रात मितालिपोव यांच्या टीमला. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी व्हिडिओत बघितलं ते खोटं नाही, पण त्यातनं उपचार म्हणून आज कुठंच काही मिळत नाही. २००५ ला संयुक्त राष्ट्रांत माणसाचं सगळंच क्लोनिंग बंद करा असा ठराव आला तेव्हा भारतानं विरोधात मत दिलेलं, कारण क्लोन करून मूल जन्माला घालायला आपला विरोध होता पण उपचाराचा रस्ता बंद करायचा नव्हता. आजही आपल्याकडं आयसीएमआरच्या (सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) नियमात क्लोन करून मूल जन्माला घालणं पूर्ण बंद आहे, आणि संशोधनासाठी असा एम्ब्रियो बनवायचा तर वरपर्यंत परवानगी घ्यावी लागते.

१४ दिवसांचा नियम पण ऐकला असेल. ब्रिटनमध्ये १९८४ ला वॉर्नॉक समितीनं सुचवलं की १४ दिवसांच्या पुढं एम्ब्रियो लॅबमध्ये वाढवायचा नाही. साधारण त्या सुमाराला एम्ब्रियोवर पहिली रेघ उमटते, शरीराचा डोकं-शेपूट असा अक्ष ठरतो, आणि त्याच्या आधीपर्यंत एकाचे दोन होऊन जुळं होऊ शकतं. मग जो अजून एक का दोन हेच ठरलेलं नाही त्याला एक व्यक्ती म्हणायचं का, असा तो युक्तिवाद. आपल्याकडंही तोच नियम आहे. २०२१ ला स्टेम सेल शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तो जरा सैल केला, मला स्वतःला ते पटलेलं नाही. १४ दिवसांची रेघ आखून दिली म्हणून लोकांनी विश्वासानं एम्ब्रियो दिले, आणि तंत्र पुढं गेल्यावर रेघच सरकवायची हे बरोबर वाटत नाही.

माझं मत विचाराल तर देणं हे नष्ट करण्यापेक्षा वाईट नाही. पण तुमच्या सासूबाई वेड्यासारखं काही बोलत नाहीयेत हे पण तितकंच खरं. जपानचे शिन्या यामानाका, २०१२ चं नोबेल मिळालेले, त्यांनी एकदा मित्राच्या क्लिनिकमध्ये मायक्रोस्कोपखाली एम्ब्रियो बघितला आणि त्यांना आपल्या दोन मुली आठवल्या, यात आणि त्यांच्यात कितीसं अंतर आहे असं वाटलं. त्यांनीच हे सांगितलंय. पुढं २००६ ला उंदरात आणि २००७ ला माणसात त्यांनी साध्या कातडीच्या पेशीत ४ जीन घालून ती स्टेम सेलसारखी करून दाखवली. एम्ब्रियो नको, बीज नको. म्हणजे सासूबाईंना जे वाटतं तेच वाटून एका माणसानं दुसरा रस्ता शोधून काढला.

गुरांचा_डॉक्टर

क्लोनिंगचा विषय निघाला म्हणून लिहितोय. मी कागल भागात गुरांचा डॉक्टर आहे. २००९ ला कर्नालला एनडीआरआय या सरकारी डेअरी संशोधन संस्थेत म्हशीचं क्लोन केलेलं रेडकू जन्मलं, गरिमा नाव ठेवलेलं. त्याच्या आधी त्याच वर्षी एक जन्मलेलं ते थोड्या दिवसांतच गेलं. आमच्या लोकांना लई अभिमान वाटलेला, मला पण वाटला, कारण जास्त दूध देणाऱ्या म्हशीची हुबेहूब नक्कल मिळणं म्हणजे काय ते दारात जनावर असलेल्याला सांगायला नको.

पण एक गोष्ट लोकांना माहीत नसते. एवढी बीजं आली कुठनं? कत्तलखान्यातनं. कापलेल्या म्हशींची अंडाशयं आणायची आणि त्यातनं बीजं काढायची, शेकड्यानं मिळतात, वाया गेली तरी कुणाला काही वाटत नाही. डॉलीच्या वेळी २७७ प्रयत्नांतनं एक मेंढी झाली. जनावरात हे चालतं कारण बीजं स्वस्त आहेत. माणसात बीज द्यायला जिवंत बाईच लागते. पेशंटच्या पेशीची नक्कल करायची म्हणजे प्रत्येक पेशंटमागं कितीतरी बायकांच्या पोटातनं बीजं काढावी लागणार, हे त्या व्हिडिओवाल्यांनी सांगितलेलं मी तरी अजून बघितलं नाही. सगळेजण एम्ब्रियोचा जीव एम्ब्रियोचा जीव करून भांडतात, मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते.

जयसिंगपूरची_काकी

जय जिनेंद्र सूनबाई. तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी ६३ वर्षांची आहे, शास्त्र फार कळत नाही पण वरचं पेट्रीडिश यांनी इतकं समजावून लिहिलंय की कळलं.

आमच्या घरात जीव कधी येतो याबद्दल वाद नाही, गर्भ राहिला की जीव आला. आम्ही रात्री पाणी पिताना गाळून पितो ते न दिसणाऱ्या जिवासाठीच, मग मिठाच्या कणाएवढा म्हणून तो लहान असं मी कशी म्हणू. १४ दिवसांची रेघ माणसांनी आपल्या सोयीसाठी आखलेली आहे. एकाचे दोन होऊ शकतात म्हणून तो कुणीच नाही हे मला पटत नाही, दोन होऊ शकतात म्हणजे उलट तिथं जास्तच आहे.

तुमच्या सासूबाईंना कुणी सांगायला येईल की गर्भोपनिषदात सातव्या महिन्यात जीव येतो असं लिहिलंय. आमच्या शेजारचे निवृत्त संस्कृतचे सर हे नेहमी सांगतात, आणि तेच हे पण सांगतात की चरकसंहितेत शुक्र, शोणित (वडलांचं आणि आईचं बीज) आणि जीव एकत्र आले की त्यालाच गर्भ म्हणतात. म्हणजे तुमच्या शास्त्रांतही एक मत नाही. पुस्तक दाखवून सासूबाईंना गप्प बसवू नका, त्यांचं दुःख पुस्तकातलं नाही.

मला खरं टोचतं ते वेगळंच. एक मूल पाहिजे होतं आणि पाच तयार केले, हे ठरवलं कुणी? तेव्हा कुणी तुम्हाला बसवून विचारलं का की उरलेल्यांचं काय करणार? माझा भाचा जर्मनीत असतो, तो सांगत होता तिथं १९९० चा कायदा आहे, एका वेळी ३ पेक्षा जास्त गर्भाशयात ठेवायचे नाहीत आणि जास्तीचे मुळात बनवायचेच नाहीत असा त्याचा रोख आहे. तिथं एम्ब्रियोतनं स्टेम सेल काढायला पण बंदी आहे, पण बाहेरच्या देशात आधी काढून झालेल्या पेशी आणून वापरायला परवानगी आहे. मला हे ऐकून वाईट वाटलं, स्वतः हात लावायचा नाही आणि दुसऱ्यानं केलेलं आणायचं. तरी निदान बनवताना विचार करा एवढं तरी ते म्हणतात.

तुमच्यावर माझा काही दोष नाही. तुमच्या जागी माझी लेक असती तर मी तिला जवळ घेऊन बसले असते. माझं मत विचाराल तर प्रयोगाला देऊ नये, शांतपणे निरोप द्यावा. पण सही तुमची आहे.

पेठेतली_सून

काकी, वाचून डोळ्यात पाणी आलं. नाही, आम्हाला तेव्हा कुणी बसवून विचारलं नाही. एक जाडजूड कागदांचा गठ्ठा होता, इंग्लिशमधला, भूल द्यायच्या आधी सह्या घेतल्या. आम्हाला फक्त मूल पाहिजे होतं, आम्ही कशावरही सह्या केल्या असत्या.

पेट्रीडिश दादा, तुमच्या पहिल्या वाक्यानं लागलं खरं, पण मीच सरळ सांगा म्हटलेलं. मिस्टरांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ गप्प होते.

नाव_नको

मला नाव सांगायचं नाही, कारण कळेल. गुरांचे डॉक्टर म्हणाले ना बीज द्यायला जिवंत बाई लागते, ती बाई मी आहे.

६ वर्षांपूर्वी मी पैशासाठी एग डोनेशन केलं. नवऱ्याचं काम सुटलेलं, पोरांची फी थकलेली, ओळखीच्या एका बाईनं नेलं. कुठं नेलं ते लिहीत नाही. २५ हजार मिळाले. १० दिवस रोज पोटात इंजेक्शन आणि मग भूल देऊन खालनं सुई घालून बीजं काढतात. मला सांगितलेलं ८-१० काढतील, नंतर कागदावर वाचलं १९ काढलेली. तिसऱ्या दिवशी पोट असं फुगलं की साडी नेसता येईना, श्वास पुरेना, पोटात पाणी झालेलं. ॲडमिट झाले ४ दिवस, त्याचे पैसे मीच भरले, ज्या बाईनं नेलेलं ती फोन उचलेना. आलेल्या २५ हजारांतनं हातात किती राहिले ते मला आठवायचं पण नाही.

आता आयव्हीएफ आणि बीज देण्याबद्दलचा २०२१ चा कायदा आलाय. त्यात बाई २३ ते ३५ वयाची पाहिजे, आयुष्यात एकदाच द्यायचं आणि ७ पेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत असं आहे. हे वाचलं त्या दिवशी मी खूप रडले, कारण म्हणजे कुणालातरी माहीत होतं की असं होतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत असते. कोरियात वू-सुक ह्वांग म्हणून शास्त्रज्ञ होता, २००४ आणि २००५ ला त्यानं जगाला सांगितलं की मी माणसाच्या क्लोन केलेल्या एम्ब्रियोतनं स्टेम सेल काढल्या. देशभर त्याचा उदोउदो झाला, मणक्याचे पेशंट त्याच्याकडं डोळे लावून बसलेले. आणि चौकशीत निघालं की सगळं खोटं, एकही तसली पेशी नव्हती, २००६ च्या जानेवारीत त्याचे पेपर मागं घेतले. पण बीजं खरी होती. २ हजारांहून जास्त बीजं त्यानं वापरलेली. काही बायकांना पैसे दिलेले, आणि त्याच्याच लॅबमध्ये काम करणाऱ्या पोरींनी पण दिलेली. आपल्या साहेबाला नाही म्हणता येतं का कुणाला? पेपर मागं घेता येतात, त्या बायकांच्या पोटात घातलेली सुई कशी मागं घेणार.

ताई, तुमचे ३ एम्ब्रियो द्यायचे का नाही ते तुम्ही ठरवा, मला त्यात पाप वाटत नाही, कारण ते बनवताना जो त्रास झाला तो तुमचाच होता आणि तुमच्या मुलीसाठी होता. पण थेराप्युटिक क्लोनिंग चांगलं म्हणणाऱ्या प्रत्येकानं आधी सांगावं की बीज कुणाच्या घरातनं येणार. श्रीमंताच्या घरातनं तर येणार नाही.

पेट्रीडिश

ताई, तुम्ही लिहिलंत ते फार मोठं काम केलंत. आम्ही लॅबमध्ये बसणारे लोक हे वाचतच नाही. मी शिकत असताना ह्वांगचं प्रकरण एका लेक्चरला झालेलं, त्यात खोट्या फोटोंवर अर्धा तास गेला आणि त्या बायकांवर एक वाक्य. तुमचं लिहिलेलं मी आमच्या ग्रुपवर टाकू का? कुठल्या गावचं वगैरे काही येणार नाही.

नाव_नको

टाका. फक्त ६ वर्षं हा आकडा काढा.

भोगावतीकाठ

मी शेतकरी माणूस हाय, एवढं शास्त्र मला येत न्हाई पण ताईंच्या भावाचं वाचलं म्हणून लिव्हतोय, कारण आता तुमच्याकडं लोकं येणार. मणक्याचा पेशंट घरात हाय म्हणल्यावर कोणतरी येऊन सांगणारच की अमक्या ठिकाणी स्टेम सेल करत्यात.

माझा पोरगा ९ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी हाय, म्हंजे मेंदूच्या इजेमुळं हातपाय नीट चालत न्हाईत. तीन वर्षांमागं परगावच्या एका सेंटरवाल्यांनी सांगितलं तीन टाइम स्टेम सेल द्यायच्या, पोरगं चालाय लागंल. भिंतीवर फोटो लावलेले, आधी खुर्चीत आणि नंतर उभारलेला. साडेचार लाख घेतलं. त्या वर्षाचं ऊस बिल सगळं गेलं, बायकोचं गंठण गेलं, सोसायटीचं कर्ज अजून फिटायचंय. पोराच्या कमरंच्या हाडातनं सुईनं काढायचं आणि त्याच दिवशी पाठीच्या मणक्यात सोडायचं. पोरगं रडून रडून निळं व्हायचं, मी हात धरून बसायचो आणि म्हणायचो बाळा तू चालणार हायस. तिसऱ्यांदा करून झालं, काय बी फरक न्हाई, मग म्हणाले चौथं करा.

नंतर इथल्या एका चांगल्या डॉक्टरांनी सांगितलं की आयसीएमआरच्या नियमाप्रमाणं फक्त रक्ताच्या ठराविक आजारात बोन मॅरो बदलत्यात तेवढंच मान्य हाय, बाकी सगळं अजून ट्रायल, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडनं पैसं घ्यायचं नसत्यात. उलट ट्रायल सरकारच्या सीटीआरआय म्हणून यादीत नोंदवावी लागती, कुणालाबी मोबाईलवर बघता येती. हे मला आधी एका माणसानं सांगितलं असतं तर. मी पोराला खोटं बोललो ते मला सगळ्यात जास्त लागतंय. आता तो विचारतो पप्पा चौथं कधी.

तर ताई, कोण बी पैसं मागाय लागला तर पहिलं विचारा ट्रायल नंबर काय. नंबर नसंल तर तसंच उठून या. भावाला फिजिओला न्या, अंगाला जखमा होऊ देऊ नका, त्याच्यात खरा फरक पडतो, आमच्या पोराला पडलाय, आता चमचा स्वतः धरतो.

पेट्रीडिश

दादांनी लिहिलं त्याला जोडून एवढंच, त्यांच्या मुलाला जे टोचलं ते एम्ब्रियोच्या पेशी नव्हत्याच, त्याच्याच हाडातला मगज होता. स्टेम सेल हा शब्द दोन्हीला आहे, त्याचाच फायदा घेतात. एम्ब्रियोच्या पेशी अशा तशाच टोचल्या तर गाठ होते, म्हणून आधी त्यांना पूर्ण दुसऱ्या पेशीत बदलावं लागतं आणि त्यालाच वर्षं जातात.

मणक्यासाठी एम्ब्रियोपासूनच्या पेशींची पहिली ट्रायल अमेरिकेत २०१० ला सुरू झाली, ५ पेशंट झाले आणि पुढच्या वर्षी कंपनीनं पैशाच्या कारणानं बंद केली. त्या पेशंटांना अपाय झाला नाही, पण कुणी चालायलाही लागलं नाही. दुसऱ्या आजारात मात्र काम पुढं गेलंय. २०२५ ला पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) १२ पेशंटांवरचा अभ्यास आला, एम्ब्रियोच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या मेंदूच्या पेशी त्यांच्या डोक्यात घातल्या आणि त्या टिकल्या. त्याच वर्षी टाइप १ डायबेटीसमध्ये स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी दिलेल्या १२ पैकी १० जणांचं इन्शुलिन वर्षभरात सुटलं, अर्थात शरीरानं पेशी नाकारू नये म्हणून औषधं चालू ठेवावी लागतात. आणि यातलं काहीही क्लोनिंगनं झालेलं नाही. १९९८ ला ज्या जोडप्यांनी एम्ब्रियो दिले ते २७ वर्षं थांबले असं समजा, आणि त्यातल्या कुणाला कळलं पण नसेल.

फॉर्मबद्दल. कायद्यानं एम्ब्रियो जास्तीत जास्त १० वर्षं ठेवता येतात, त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे किंवा तुमच्या संमतीनं नोंदणी झालेल्या संशोधन संस्थेला द्यायचे. विकता येत नाहीत, संशोधनासाठी देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणून सही करायच्या आधी सेंटरला विचारा कुठल्या संस्थेला जाणार, कशासाठी जाणार, तिथं स्टेम सेलची वेगळी समिती आहे का. संशोधन म्हणजे स्टेम सेलच असंही नाही, आयव्हीएफचंच तंत्र सुधारायला पण वापरतात, ते तुम्हाला चालणार का बघा. आणि स्टेम सेल काढायच्या आधीपर्यंत तुम्ही संमती मागं घेऊ शकता. हे सगळं मराठीत लिहून मागा, तो तुमचा हक्क आहे.

पेठेतली_सून

सगळ्यांचे आभार मानायला शब्द नाहीत. नाव_नको ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. दादा, तुमच्या पोराला माझ्याकडनं खूप प्रेम द्या.

काल सेंटरला फोन केला. संशोधनाला म्हणजे कुठं देता असं विचारलं तर समोरच्या मुलीला सांगता येईना, मॅडमना विचारून कळवते म्हणाली. अजून फोन नाही. तोपर्यंत एका वर्षाचे पैसे भरून ठेवलेत आणि तो रकाना मोकळाच ठेवलाय. संस्थेचं नाव आणि कारण मराठीत लिहून आलं तर मी द्यायच्या बाजूनं आहे, मिस्टर पण. नाही आलं तर काकी म्हणतात तसं.

संध्याकाळी भावाला सांगितलं. मला वाटलं तो नाराज होईल की आपल्याला उपयोग नाही. तो म्हणाला अक्का, माझ्यासाठी म्हणून देऊ नकोस, मग दर वर्षी तू माझ्या पायाकडं बघत बसशील. द्यायचं तर तसंच दे. आणि मग म्हणाला सोमवारपासून मला परत फिजिओला ने, मध्ये मीच बंद केलेलं.

आज शुक्रवार. सासूबाई अंबाबाईहून आल्या आणि नेहमीचं विचारलं. मी पहिल्यांदाच फाईल काढून पाचव्या दिवसाचा तो फोटो दाखवला, गोल गोल, आत एका बाजूला जरा गडद. त्यांनी चष्मा लावून खूप वेळ बघितला आणि विचारलं, आपली कुठली यातली. मी दाखवली. मग म्हणाल्या फॉर्मवर माझी पण सही लागते का. नाही लागत. पण मराठीतला कागद आला की आधी त्यांना वाचून दाखवणार आहे.